थोडा वेळ मिळावा : विधी शाखेच्या विद्यार्थ्यांची पत्रे

या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये यंदा विधी शाखेच्या विद्यार्थ्यांची पत्रे बरीच आहेत. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. मी वकिली करते आणि काही वर्षे विधी महाविद्यालयात शिकवलेही आहे. परंतु मी डॉक्टर नाही, म्हणून उत्तरांतील वैद्यकीय भाग एका मनोविकारतज्ज्ञ मैत्रिणीकडून तपासून घेतला आहे. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : आदरणीय मॅडम, सप्रेम नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातील एका खेड्यातला. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो आणि आता पुण्यात पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातल्यांनी कोर्टाची पायरी आजवर फक्त बांधाच्या दाव्यासाठी चढली आहे. ऑगस्टमध्ये मूट कोर्टात, म्हणजे सरावासाठी भरवलेल्या लुटुपुटीच्या न्यायालयात, परीक्षकांनी मला मध्येच थांबवून इंग्रजीतून कलम विचारले. मला ते येत होते, तरी तोंडातून शब्द फुटला नाही. हातातला कागद इतका थरथरत होता की त्याची फडफड माइकमधून सभागृहात ऐकू गेली. तेव्हापासून वर्गात हजेरीला नाव पुकारले तरी छातीत धडधडते. पहाटे चारपर्यंत झोप येत नाही, मोबाइलवर वर्गमित्रांच्या इंटर्नशिपच्या पोस्ट पाहत पडून राहतो आणि सकाळचे तास बुडतात. फौजदारी कायद्याच्या आतापर्यंतच्या ४० तासांपैकी माझे २३ भरले आहेत. वडिलांनी माझ्या फीसाठी सोसायटीचे कर्ज काढले आहे, त्यांना काय सांगू? मी या क्षेत्राच्या लायकीचा नाही का? कधी कधी वाटते, सकाळ होऊच नये.

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण बाकी सगळे त्यानंतरचे आहे. ‘सकाळ होऊच नये’ हे वाटणे थकव्यातून आलेले असेल किंवा जगणेच नको झाल्यामुळे असेल. यांतले कोणते आहे ते पत्रावरून मला सांगता येणार नाही, आणि एकट्याने पहाटे चार वाजता तुम्हालाही ते नीट ठरवता येणार नाही. म्हणून हे उत्तर वाचल्यावर आजच दोन गोष्टी कराव्यात. खोलीतल्या किंवा वसतिगृहातल्या एका मित्राला हे वाक्य जसेच्या तसे सांगावे. दुसरे म्हणजे १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, ती विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येते. स्वतःला इजा करण्याचा विचार स्पष्टपणे येत असेल, तर फोनवरही थांबू नये. मित्राला सोबत घेऊन जवळच्या रुग्णालयात जावे.

आता मूट कोर्टाविषयी. धोका जाणवला की शरीर आपल्याला न विचारताच तयारीला लागते. ठोके वाढतात, श्वास उथळ होतो, तोंडाला कोरड पडते, हात थरथरतात आणि पाठ असलेली गोष्टही ऐन वेळी आठवत नाही. त्या दिवशी तुमच्या बाबतीत हेच घडले. पुढे जे घडत गेले ते मला अधिक काळजीचे वाटते. तुम्ही वर्ग टाळलात, टाळल्यावर सुटल्यासारखे वाटले, आणि त्या सुटकेतूनच शरीर हे शिकले की वर्ग ही धोक्याची जागा आहे. असा प्रत्येक बुडवलेला तास पुढच्या तासाला जाणे अवघड करत जातो. यावर मनोविकारतज्ज्ञ आणि समुपदेशक जो उपाय सांगतात तो हळूहळू परत जाण्याचा आहे. पहिल्या आठवड्यात वर्गात फक्त बसावे, दाराजवळच्या बाकावर बसले तरी चालेल. पुढे रिकाम्या सभागृहात एका मित्रासमोर उभे राहून युक्तिवाद करावा आणि त्याला मुद्दाम मध्येच प्रश्न विचारायला सांगावे. धडधड सुरू झाली की श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यावा आणि दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले आहेत याकडे लक्ष न्यावे. लाट उतरते, आणि ती उतरेपर्यंत तिथून न निघता थांबता येते, हे शरीराला अनुभवातूनच कळते.

माझ्या ज्युनियरशिपच्या दुसऱ्या महिन्यातली गोष्ट सांगते. सीनियर दुसऱ्या कोर्टात अडकले होते आणि जामीन अर्जाचा पुकारा झाला. न्यायाधीशांनी मला अटकेची तारीख विचारली. अर्ज माझ्या हातात होता, तारीख पहिल्याच पानावर होती आणि मला ती दिसेना. शेजारच्या बाकावरचे एक वयस्कर वकील हलक्या आवाजात म्हणाले, “कीप बॅक माग.” मी मागितले. प्रकरण मागे ठेवले गेले, वीसेक मिनिटांनी पुन्हा पुकारले गेले आणि मी तारीख सांगितली. कोणाच्याही चेहऱ्यावर काही उमटले नाही, कारण त्या सकाळी त्याच कोर्टात इतर चार-पाच वकिलांनीही वेळ मागितलेला होता. तुम्ही पुण्यात आहात, तर एखाद्या दिवशी अकराच्या सुमारास शिवाजीनगरच्या न्यायालयात जाऊन दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात मागच्या बाकावर बसा आणि ‘थोडा वेळ मिळावा’ हे वाक्य किती वेळा कानी पडते ते मोजा. मूट कोर्टात आपण विद्यार्थ्यांना सफाईदार बोलायला शिकवतो, वेळ मागायला शिकवत नाही. ही शिकवणाऱ्यांची उणीव आहे आणि त्यांत मीही होते.

भाषेचा भार वेगळा आहे आणि तो खरा आहे. इंग्रजी निकालपत्राचे एक पान वाचताना तुम्हाला भाषा आणि कायदा अशी दोन कामे एकाच वेळी करावी लागतात, म्हणून वेळ दुप्पट लागतो आणि थकवाही दुप्पट येतो. हा थकवा बुद्धी कमी असल्याचा पुरावा मानू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या अनेक निकालांचे मराठी अनुवाद आता त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात. आधी मराठीतून गाभा समजून घ्यावा आणि मग मूळ इंग्रजी वाचावे. कलमांच्या बाबतीत तर तुमच्या पिढीला एक वेगळीच संधी मिळाली आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, आणि वर्षानुवर्षे ज्यांच्या जिभेवर खुनाचे जुने कलम ३०२ होते ते ज्येष्ठ वकीलसुद्धा नवे १०३ म्हणण्यापूर्वी बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचे मूळ पुस्तक, उघडून खात्री करतात. शिवाय महाराष्ट्रातील जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा म्हणून १९९८ मध्ये मराठीची अधिसूचना निघालेली आहे. बांधाच्या दाव्यात कैफियत कशी लिहावी, साक्षीदाराला कोणता शब्द कळेल आणि कोणता कळणार नाही, हे ज्याला घरातून ठाऊक आहे अशा ज्युनियरची लातूरच्या वकिलांना गरज असते. हे मी तुमची समजूत काढण्यासाठी लिहीत नाही. अशी मुले शोधताना मी सीनियर मंडळींना पाहिले आहे.

हजेरीचा हिशेब मांडून पाहू, कारण न मांडलेला हिशेब रात्री मोठा होतो. विधी शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी लागते. अपवादात्मक कारण असेल तर ते नोंदवून ६५ टक्क्यांपर्यंत सवलत देता येते. विषयाचे एकूण ६० तास धरले तर ४२ भरायला हवेत. तुमचे २३ आहेत आणि २० तास उरले आहेत. म्हणजे १९ तास बसावे लागेल, आणि सवलत मिळाली तर १६. वेळ कमी आहे, पण गेलेली नाही. डॉक्टरांकडे गेलात तर त्यांचे प्रमाणपत्र घेऊन प्राचार्यांना आताच लेखी अर्ज द्या. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात दिलेल्या अर्जाला फारसे वजन राहत नाही.

समुपदेशकाविषयी महाविद्यालयात विचारायला संकोच वाटत असेल, तर एक निकाल जवळ ठेवा. आंध्र प्रदेशात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी मानसिक आरोग्य हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले आणि १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे निर्देश दिले. म्हणजे समुपदेशकाची विचारणा करताना तुम्ही कोणाकडे उपकार मागत नाही.

झोपेसाठी एकच सांगते. उठण्याची वेळ ठरवा आणि रात्री कितीही उशीर झाला तरी ती मोडू नका. मोबाइल रात्री मित्राच्या टेबलावर चार्जिंगला लावा. दोन आठवडे उलटूनही झोप, भूक आणि उदासी तशीच राहिली तर डॉक्टरांकडे जाणे पुढे ढकलू नका. वडिलांना फोन कराल तेव्हा कर्जाच्या विषयाने सुरुवात करू नका. “मला झोप लागत नाही, मी डॉक्टरांना दाखवतो आहे” एवढेच आधी सांगा. शेतकरी बापाला आजार आणि औषध समजते, आणि त्यानंतरचे बोलणे आपोआप होते.

प्रश्न : माझी मुलगी तीन वर्षांच्या एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मनोविकारतज्ज्ञांनी तिला नैराश्याचे निदान करून गोळ्या सुरू केल्या आहेत. दोन महिन्यांत तिला पुष्कळ बरे वाटू लागले आहे. आता नातेवाईक म्हणतात की अशी नोंद झाली की वकिलीची सनद मिळत नाही, तेव्हा गोळ्या बंद करा आणि फाइल परत आणा. काय करावे? (एक आई, नाशिक)

उत्तर : ताई, गोळ्या बंद करू नका आणि सनदेची चिंताही करू नका.

अधिवक्ता अधिनियम, १९६१ मधील कलम २४ मध्ये सनदेसाठीची पात्रता दिलेली आहे आणि कलम २४-अ मध्ये अपात्रता. ही अपात्रता नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यातील शिक्षा, अस्पृश्यताविषयक कायद्याखालील शिक्षा आणि नैतिक अधःपतनाच्या आरोपावरून नोकरीतून झालेली बडतर्फी यांच्याशी संबंधित आहे. नैराश्याचा उपचार त्यात कुठेही नाही. तुमची मुलगी हे कलम दोन मिनिटांत काढून दाखवील. नातेवाइकांनाही ते वाचायला द्या. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ३ मध्ये तर स्पष्ट म्हटले आहे की सक्षम न्यायालयाने तसे घोषित केल्याखेरीज केवळ मानसिक आजाराच्या निदानावरून कोणालाही विकल मनाचे समजता येत नाही. त्याच कायद्याच्या कलम २३ नुसार उपचाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा तिला हक्क आहे. याला काही अपवाद आहेत, उदाहरणार्थ जिवाला धोका असणे किंवा न्यायालयाचा आदेश; नातेवाइकांचे कुतूहल त्यांत बसत नाही.

औषधाविषयी माझ्या मैत्रिणीने आग्रहाने सांगितलेली गोष्ट अशी की बरे वाटू लागणे ही औषध लागू पडल्याची खूण आहे, ते थांबवण्याची नव्हे. नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायलाच काही आठवडे लागतात आणि बरे वाटू लागल्यावरही त्या साधारणपणे सहा महिने किंवा अधिक काळ चालू ठेवाव्या लागतात. त्या एकदम सोडल्या तर चक्कर, अस्वस्थता, निद्रानाश असा त्रास होऊ शकतो आणि आजार उलटण्याची शक्यता वाढते. थांबवायच्या वेळी डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करतात. नातेवाइकांना उत्तर देण्याचे काम मुलीवर टाकू नये. ते तुम्ही करा.

प्रश्न : मी चौथ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. सत्र न्यायालयात वकिली करणाऱ्या एका मॅडमकडे चार आठवड्यांची इंटर्नशिप करते आहे. तिसऱ्या दिवशी मला पोक्सोच्या (बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या) एका प्रकरणाची फाइल देऊन तारखांचा तक्ता करायला सांगितले. त्यातला मुलीचा जबाब मी वाचला. त्यानंतर रात्री तीच वाक्ये ऐकू येतात. बसमध्ये एखाद्या लहान मुलीशेजारी कोणी माणूस बसला की माझे लक्ष तिथून हटत नाही. आईने विचारले, पण प्रकरण गोपनीय असल्यामुळे मी काहीच सांगू शकत नाही. इतर वकील जेवताना अशा प्रकरणांवर सहज बोलतात. मी फार हळवी आहे का? फौजदारी वकिली सोडून द्यावी का?

उत्तर : तुमच्या पत्रातला ‘काहीच सांगू शकत नाही’ हा समज आधी दुरुस्त करायला हवा, कारण मला वाटते त्यानेच तुमचा त्रास वाढवला आहे. पीडित बालकाची ओळख उघड होईल असे काहीही बोलायचे नाही, आणि वकिलाच्या कार्यालयातील कागद बाहेर न्यायचे नाहीत, हे बंधन पक्के आहे व तुम्ही ते पाळता याचे कौतुक वाटते. नाव, गाव, शाळा, नातेसंबंध आणि घटना हे सगळे गोपनीयतेखाली राहू द्या. तुमची झोप, तुमची बसमधली भीती आणि कानात घुमणारे आवाज हे तुमचे आहेत. आईला “एका प्रकरणातले वाचून मला त्रास होतो आहे, तपशील सांगता येत नाही, पण तू जरा जवळ बस” असे म्हणता येते. समुपदेशकाशीही अशाच पद्धतीने बोलता येते.

दुसऱ्याच्या आघाताशी कामामुळे सतत संबंध येणाऱ्यांना त्या आघाताची झळ लागते. पोलीस, परिचारिका, सामाजिक कार्यकर्ते, पत्रकार, भाषांतरकार आणि वकील या सर्वांमध्ये हे दिसते. तुम्ही लिहिलेली लक्षणे, म्हणजे वाक्ये पुन्हा पुन्हा ऐकू येणे आणि सतत सावध राहणे, ही त्याचीच ओळखीची लक्षणे आहेत. जेवताना सहज बोलणाऱ्या वकिलांना त्रास होतच नाही असे मला वाटत नाही. अनेकांनी तो कुठेतरी ढकलून दिलेला असतो आणि तो घरी चिडचिडीतून किंवा दारूतून बाहेर येतो. हे मी जवळून पाहिले आहे.

पोक्सो कायद्याचे कलम ३३ पुन्हा एकदा उघडा आणि या वेळी स्वतःसाठी वाचा. सुनावणीदरम्यान बालकाला वरचेवर विश्रांती देण्याची मुभा विशेष न्यायालयाला त्या कलमात दिलेली आहे, आणि साक्षीसाठी त्याला पुन्हा पुन्हा बोलावले जाऊ नये याची काळजी घेण्यास न्यायालयाला सांगितलेले आहे. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये बालकांसारख्या असुरक्षित साक्षीदारांची साक्ष नोंदवण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात स्वतंत्र केंद्र उभारण्याचे निर्देश दिले. जो जबाब देताना मध्ये थांबायला लागते असे कायदाच मानतो, तो वाचतानाही थांबायला लागणारच.

ते थांबणे प्रत्यक्षात कसे असावे, ते माझ्या कार्यालयातल्या पद्धतीवरून सांगते. अशी फाइल संध्याकाळी सहानंतर कोणी उघडत नाही आणि घरी नेत नाही. ज्युनियरला दिलेल्या कामासाठी जेवढे कागद लागतात तेवढेच त्याच्या हाती दिले जातात. तारखांच्या तक्त्यासाठी प्रथम खबर, अटक पंचनामा, दोषारोपपत्र आणि रोजनामा पुरतो, मुलीचा जबाब आणि वैद्यकीय अहवाल लागत नाहीत. जबाब वाचावाच लागला तर ज्युनियर आणि मी दोघी मिळून वाचतो, आणि वाचून झाल्यावर फाइलची नाडी बांधून ती कपाटात ठेवल्यानंतर दोघी खाली जाऊन चहा घेतो. नाडी बांधण्याला मी महत्त्व देते, कारण काम संपल्याचे हातालाही कळायला हवे. तुमच्या मॅडमना उद्या एवढेच सांगा की तक्ता पूर्ण करीन, पण जबाबाच्या वाचनाने मला त्रास झाला आहे, तेव्हा पुढील काही दिवस दुसऱ्या स्वरूपाचे काम मिळावे. त्यांनी यावरून तुम्हाला नावे ठेवली तर उरलेले आठवडे दुसरीकडे करता येतील का, याची महाविद्यालयात चौकशी करा; पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात एकूण २० आठवडे इंटर्नशिप करायची असते आणि एका कार्यालयावर काही अडत नाही.

वकिली सोडण्याचा निर्णय मात्र आता घेऊ नका. महिनाभरात लक्षणे ओसरली नाहीत, किंवा बसने प्रवास करणेच टाळावेसे वाटू लागले, तर मनोविकारतज्ज्ञांची भेट घ्या. यावर चांगले उपचार आहेत. हळवेपणाविषयी म्हणाल, तर पीडितेच्या बाजूने उभे राहताना तिला कोणता प्रश्न कसा विचारू नये हे ज्यांना आतून कळते, त्या वकिलांमध्ये मला हा हळवेपणा जपलेला दिसला आहे.

प्रश्न : वय ३६. दिवसा नोकरी, त्याखेरीज विधी महाविद्यालयाचे तिसरे वर्ष. न्यायाधीश व्हायचे म्हणून या वयात प्रवेश घेतला होता. आता तीन वर्षे वकिली केल्याशिवाय परीक्षा देता येणार नाही असे कळले आणि सगळे व्यर्थ वाटू लागले. दोन विषयांत केटी लागली आहे, म्हणजे ते पुन्हा द्यायचे आहेत. नोकरीचा राजीनामा लिहून कपाटात ठेवला आहे. पत्नीला यातले काहीही ठाऊक नाही.

उत्तर : सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली, त्यामुळे तुमचा धक्का समजण्यासारखा आहे. पूर्णवेळ पगारी नोकरीत राहून वकिली करता येत नाही, म्हणजे या अटीची किंमत तुमच्यासारख्या संसारी विद्यार्थ्याला सर्वांत जास्त पडते. यावर मनाने खंबीर व्हा असे मी सांगणार नाही. ठरवलेली वाट बंद झाली की दुःख होते आणि त्याला थोडे दिवस द्यावे लागतात.

राजीनामा आत्ता देऊ नका. हा कालावधी वकील म्हणून होणाऱ्या तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजला जातो, म्हणजे पदवी हाती येईपर्यंत तुमचे या अटीमुळे काहीही बिघडत नाही. तोवर दोन केटी सोडवणे एवढेच काम समोर ठेवा. ज्युनियर वकिलांना शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत, असे बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचवले आहे. परंतु ती शिफारस आहे, तिच्या भरवशावर घरखर्च मांडू नका. पुढची तीन वर्षे घर कशावर चालेल हा प्रश्न एकट्याने सोडवण्यासारखा नाही, आणि ज्या व्यक्तीला त्याचे अर्धे उत्तर ठाऊक आहे तिच्यापासूनच तुम्ही तो लपवला आहे. आज रात्री मुले झोपली की कपाटातला तो कागद काढा आणि पत्नीला वाचायला द्या.